पश्चिममुखी प्लॉटवरील घराचा आराखडा : जिना, आई-वडिलांची खोली आणि स्वयंपाकघर (मंचावरील चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

नवा प्लॉट

नमस्कार. कोल्हापूरच्या कळंबा परिसरात आमचा ४० बाय ५० फुटांचा बिगरशेती प्लॉट आहे. रस्ता पश्चिमेला असून रस्त्याकडील बाजू ४० फुटांची आहे. चारही बाजूंची सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडल्यानंतर बांधकामासाठी उत्तर-दक्षिण ३० फूट आणि पूर्व-पश्चिम ३५ फूट जागा उरते, असे आमच्या आर्किटेक्टनी सांगितले आहे. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि माझे आई-वडील असे सहाजण राहणार आहोत. वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून त्यांची खोली तळमजल्यावरच हवी.

पहिल्या रेखाटनात मध्यभागी हॉल, नैऋत्येला आई-वडिलांची खोली, आग्नेयेला हॉलशी जोडलेले उघडे स्वयंपाकघर, ईशान्येला देवघर आणि हॉलच्या एका कोपऱ्यात ६ बाय ८ फुटांचा जिना दाखवला आहे. जिन्याच्या मधल्या टप्प्याखाली सर्वांसाठी एक शौचालय आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि गच्ची आहे. मजल्याची उंची १० फूट धरली आहे. वडिलांचा वास्तुशास्त्रावर विश्वास आहे. माझा तितका नाही, पण त्यांचे मन मोडून घर बांधायचे नाही.

नैऋत्येची खोली उन्हाळ्यात तापेल का, पुढेमागे वरचा मजला भाड्याने देता यावा म्हणून जिना बाहेरून घ्यावा का, आणि स्वयंपाकघर उघडे ठेवावे की बंद, या तीन बाबतींत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा

आपण विचारलेल्या प्रश्नांआधी जिन्याचे माप तपासणे आवश्यक आहे, कारण ते चुकले तर बाकीचा आराखडा कितीही चांगला असला तरी उपयोगी पडणार नाही. ८ फूट लांबीतून मधल्या टप्प्याचे ३ फूट वजा केले की ५ फूट, म्हणजे ६० इंच उरतात. १० इंची पायरी धरली तर त्यात एका बाजूला सहा पायऱ्या बसतात, म्हणजे शेवटी टप्प्यावरचा धरून सात चढ (दोन पायऱ्यांमधली उभी उंची म्हणजे एक चढ). दोन्ही बाजूंचे मिळून १४ चढ झाले. १० फूट उंचीला १४ ने भागल्यास प्रत्येक चढ साडेआठ इंचांहून अधिक येतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी जिन्याच्या चढाची कमाल मर्यादा १९० मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेसात इंच आहे. तुमच्या आई जिना वापरणार नाहीत हे मान्य केले, तरी २५ वर्षांनी तुम्ही स्वतः त्याच वयाकडे झुकलेले असाल. १८ चढ घेतले तर प्रत्येक चढ पावणेसात इंचांच्या आत राहतो. त्यासाठी सुमारे ७ फूट रुंद आणि १० फूट लांब जागा, शिवाय पहिल्या पायरीसमोर उभे राहण्यासाठी ३ फूट लागतात. हा बदल आजच करून घ्यावा.

त्यातून दुसरी गोष्ट निघते. नवव्या चढावर मधला टप्पा जमिनीपासून ५ फुटांवर येतो आणि स्लॅबची जाडी वजा केल्यास त्याखाली साडेचार फूटच उरतात. तेथे माणसाला ताठ उभे राहता येत नाही. त्या जागेत इन्व्हर्टर, पाण्याची मोटर आणि झाडू-बादल्या ठेवाव्यात. शौचालयाचा विचार सोडून द्यावा.

आता नैऋत्येच्या खोलीविषयी. कोल्हापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो आणि हिवाळ्यातही तो दक्षिणेला बराच वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचे तसे नाही. एप्रिलमध्ये सायंकाळी पाचला सूर्य इतका खाली आलेला असतो की तोच दोन फुटांचा छज्जा भिंतीवर जेमतेम फूटभर सावली टाकतो. भिंत दुपारभर तापते आणि साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडते, म्हणजे नेमकी झोपेच्या वेळी. शिवाय मोसमी वारे पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येत असल्याने पावसाचा सपकाराही याच भिंतीला बसतो.

तरीही खोली नैऋत्येलाच ठेवता येईल. त्या खोलीचे स्नानगृह आणि कपाटे पश्चिमेच्या भिंतीलगत पाच फुटांच्या पट्ट्यात घ्या, पलंग पूर्वेकडे सरकवा आणि मोठी खिडकी दक्षिणेला ठेवा. ऊन स्नानगृहाच्या भिंतीवर पडेल, वडिलांची दिशाही राखली जाईल आणि आईंना रात्री चार पावलांवर शौचालय मिळेल. त्याचे दार तीन फुटी असावे, बाहेर उघडणारे असावे, उंबरा नसावा आणि हातधरणी बसवण्याजोगी पक्की भिंत असावी. दार आत उघडणारे असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगाला दार अडते.

परसदार

स्वयंपाकघराबाबत माझे मत स्पष्ट आहे : बंद ठेवा. मासिकांतील उघडी स्वयंपाकघरे दिसायला छान असतात, पण ज्या घरात तांबडा-पांढरा रस्सा शिजतो आणि उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसूण चटणी होते, तेथे सोफ्यांच्या खोळांनाही त्याचा वास लागतो. फार तर जेवणाच्या जागेकडे सरकती काच असावी. आग्नेयेची जागा मात्र आपल्याकडे वाऱ्याच्या दृष्टीनेही योग्य ठरते, कारण पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा पश्चिमेकडून येऊन धूर मागच्या बाजूला बाहेर नेतो. हिवाळ्यात तो पूर्वेकडून वाहतो, तेवढ्यापुरता एक्झॉस्ट पंखा दक्षिणेच्या भिंतीत बसवावा.

रेखाटनात कपडे वाळवण्याची जागाच दिसत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सहा माणसांचे कपडे गच्चीवर वाळणार नाहीत आणि मग ते हॉलमधील खुर्च्यांवर येतात. स्वयंपाकघराला लागून पूर्वेकडे, म्हणजे पावसाच्या आडोशाला, पाच फूट रुंदीची छत असलेली धुण्या-भांड्यांची जागा घ्या. मोठ्या पातेल्याच्या स्वयंपाकासाठी दुसरी शेगडीही तेथेच ठेवता येते. त्यासाठी ३५ फुटांतील जागा वापरा. मागच्या सामासिक अंतरावर पुढे पत्रा टाकू, असा विचार करू नये.

गिलावा

जिना पूर्णपणे बाहेर घेण्यास माझा विरोध आहे. मुले वर झोपणार असतील, तर पावसाळ्यात रात्री खाली येण्यासाठी छत्री घ्यावी लागेल आणि घराची दोन कुलपे होतील. जिना वायव्येला, मुख्य दारालगत आतच घ्या आणि दारामागे चार फुटांची छोटी मोकळी जागा ठेवून त्यानंतर हॉल सुरू करा. पुढे भाडेकरू ठेवायचा झाल्यास हॉलच्या तोंडाशी एक दार बसवले की दोन्ही मजले वेगळे होतात. वीजमीटरची आणि पाण्याची स्वतंत्र जोडणी करण्याची सोय मात्र आताच भिंतीत करून ठेवावी.

नवा प्लॉट

सर्वांचे मनापासून आभार. जिन्याचे गणित आर्किटेक्टना दाखवले आणि त्यांनी जिना वायव्येला ७ बाय १३ फुटांचा घेण्याचे मान्य केले. पश्चिमेकडील स्नानगृहाची कल्पना वडिलांनाही पटली. आता फक्त जोत्याचा, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतच्या उंचीचा, प्रश्न उरला आहे. रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढतो, म्हणून मिस्त्री तीन फुटांचे जोते सुचवत आहेत. आईंसाठी पायऱ्यांशिवाय उतारही हवा आहे. दोन्ही कसे साधावे?

ओळंबा

चाकाच्या खुर्चीला चालणारा उतार एकास बारा या प्रमाणात लागतो. तीन फुटांच्या जोत्यासाठी ३६ फूट लांबीचा उतार होईल आणि तो आपल्या समोरच्या अंतरात मावणार नाही. संहितेत सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट जोते सांगितले आहे. आपल्या आवाराची पातळीच रस्त्यापेक्षा एक फूट वर भरून घेतली आणि त्यावर दीड फूट जोते ठेवले, तर घर रस्त्यापासून अडीच फूट वर राहते. भराव थराथराने पाणी मारून दाबून घ्यावा आणि फाटकातला चढ लांबवून सौम्य ठेवावा. दक्षिणेकडील सामासिक अंतरातून १८ फुटांचा उतार आई-वडिलांच्या खोलीच्या पूर्वेकडील बोळात उघडणाऱ्या दारापर्यंत नेता येतो. फक्त त्या बाजूला गटाराची चेंबर काढू नयेत.

पाया मात्र भरावावर बसवू नये. तुमच्या प्लॉटवर काळी माती लागली, तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते, म्हणून फूटिंग (खांबाखालचा पायाचा भाग) मातीखालच्या कठीण मुरमापर्यंत नेण्याविषयी आर.सी.सी. (सळई-काँक्रीट बांधकामाच्या) सल्लागारांकडून लेखी घ्यावे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांनंतर परवानगीच्या वेळी पूररेषेचा नकाशा पाहणेही ओघाने आलेच. आपला प्लॉट नदीपासून दूर असला, तरी लगतच्या ओढ्याचे पाणी कोणत्या बाजूने वाहते, हे एकदा भर पावसात स्वतः जाऊन पाहून घ्यावे.