तळाला जाण्याचा जुगार

बरेच जण म्हणतात की एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, मधल्या जागी कुढत बसण्यापेक्षा मुद्दाम तळ गाठावा आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे तरुण खेळाडू संघांनी क्रमाने निवडायच्या पद्धतीत, पहिला खेळाडू उचलावा. पिट्सबर्गचं उदाहरण नेहमी येतं: 1984 मध्ये शेवटचे आले, मारिओ लेम्यूसारखा मोठा खेळाडू मिळाला, पुढे 1991 आणि 1992 चा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. पण तेव्हा पहिली निवड कोणाची हे ठरवायला सोडत नव्हती हो! शेवटचा क्रमांक म्हणजे पहिली निवड, हिशोब सरळ होता.

बफेलोचं बघा. 2014-15 मध्ये पुढच्या ड्राफ्टमधल्या कॉनर मॅकडेव्हिड या गुणी पोरासाठी संघ अक्षरशः मोडीत काढला. मार्चमध्ये घरच्या मैदानावर ॲरिझोनाने ओव्हरटाइममध्ये गोल मारला तर बफेलोच्याच प्रेक्षकांनी जल्लोष केला, कारण त्यांना हरायचंच होतं. शेवटचे येऊनही सोडतीत पहिल्या निवडीची संधी फक्त 20 टक्के. मॅकडेव्हिड गेला एडमंटनला. यांना जॅक आयकेल मिळाला, तोही 2021 मध्ये व्हेगासला गेला आणि 2023 मध्ये तिथे कप जिंकला. बफेलो मात्र 2011 नंतर 2025 पर्यंत एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेरीत, नाही.

आणि एडमंटन? 2010, 2011, 2012, सलग तीन पहिल्या निवडी, तरी संघ तळातच. मॅकडेव्हिड आल्यावरही 2024 आणि 2025 च्या फायनल हरले.

उलट डेट्रॉइटने डॅटस्यूक आणि झेटरबर्ग हे पुढे मोठे झालेले खेळाडू ड्राफ्टमध्ये 171 व्या आणि 210 व्या क्रमांकावर उचलले, तेही दरवर्षी प्लेऑफ खेळत असताना. माझ्या मते पैसा स्काउटवर, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्यांवर, घाला. म्हातारे खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन ड्राफ्टमधल्या निवडी जमवा, त्याला माझी ना नाही. पण ड्रेसिंग रूममधल्या विशीतल्या पोरांना वर्षभर हरायला लावून नंतर जिंकायचं कोण शिकवणार?