प्रभुभोजनातलं स्मरण म्हणजे नुसती आठवण का?

प्रश्न: आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) लहान, यवतमाळकडच्या खेड्यातली. तरुण पोरं विचारतात, प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या विधीत, भाकर-प्याला घेणं म्हणजे फक्त येशूची आठवण का? अन् उन्हाळ्यात द्राक्षरस आंबतो, त्याचं काय करावं?

उत्तर १: नुसती आठवण नाही जी. मूळ वल्हांडण या यहुदी सणात आहे (बायबल, निर्गम १२). मिसरातल्या (इजिप्त) गुलामीतून सुटका आपलीच झाली असं धरून यहुदी घरातली प्रत्येक पिढी ते जेवण करते. त्याच जेवणात येशूनं भाकर मोडली (लूक २२:१९). प्रेषित पौल पुढचंही जोडतो: येशू परत येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा (१ करिंथ ११:२६). पौलानं ज्यांना हे लिहिलं त्या करिंथ शहरातल्या मंडळीत बिघडलं ते वेगळंच. काही जण आधीच जेवून घेत, गरीब उपाशी राहत. म्हणून वाटपाआधी भांडण मिटवायला वेळ द्या. आमच्याकडे नेमकं हेच घाईत उरकतात.

उत्तर २: वाद जुना आहे. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक चौदा मुद्द्यांवर जुळले, अडले ते प्रभुभोजनाच्या या प्रश्नावरच. झ्विंग्ली स्मरणावर भर देई. लूथर म्हणे, ख्रिस्ताचं शरीर खरोखर तिथं आहे.

उत्तर ३: रसाचं सांगतो. पाव किलो काळ्या मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, कुस्करून उकळा, गाळा. उकळलेल्या बाटलीत गरमच भरून बूच घट्ट लावा. कच्च्या रसातलं यीस्ट मे महिन्यात एका दिवसात फेस आणतं. शनिवारीच करा. भाकर कोरडी नको, मोडताना चुरा सांडतो.