नाव विद्यापीठाचे, शिक्षण विभागाचे

अमेरिकेत संगणकशास्त्रात एम.एस. करायचे तर घरच्यांना ठाऊक असलेलेच विद्यापीठ निवडावे, असे अनेकदा सांगितले जाते. ते मला पटत नाही. विद्यापीठाची कीर्ती कायदा, वैद्यक, इतिहास अशा अनेक शाखांनी मिळून घडवलेली असते. संगणकशास्त्राच्या विभागाचा कस त्यावरून लागत नाही. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन या विद्यापीठाचे नाव नागपूरच्या धरमपेठेतल्या किती घरांत माहीत असेल? पण १९५२ मध्ये इलियाक हा सुरुवातीच्या काळातला संगणक तिथेच उभा राहिला आणि १९९३ मध्ये मोझॅक हा सुरुवातीचा वेब ब्राउझरही तिथूनच आला.

नागपुरातही अभियांत्रिकीसाठी व्हीएनआयटी ही संस्था की २०१६ मध्ये सुरू झालेली ट्रिपल आयटी, असा प्रश्न पडला की चर्चा नावाभोवतीच फिरते. एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीतसुद्धा लोकांच्या मनातील प्रतिमेला स्वतंत्र गुण आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारावे की ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात तो शेड्युलर (कोणता प्रोग्राम कधी चालवायचा ते ठरवणारा भाग) स्वतः लिहितो, की मागच्या बॅचच्या जर्नलमधला प्रोग्राम उतरवून सही घेतो. प्राध्यापकांची रिक्त पदे किती, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. प्रवेशाच्या धावपळीत नेमके तेच राहून जाते.