खिडकीत टांगायला नेचं हवंय, बजेट ५०० रु. कोणतं घेऊ?

ऋतुजा_परळ: चाळीत तिसरा मजला. पूर्वेची एकच खिडकी, ९ पर्यंत ऊन, मग नुसता उजेड. मातीचा पसारा नकोय, म्हणून झाडाच्या खोडावर वाढतं तसलं नेचं हवंय. सुचवा.

सुहास_ठाणे: डोळे मिटून स्टॅगहॉर्न. सागाच्या फळीवर बांधलेलं मी २,२०० ला घेतलं. पाच वर्षांत पानं हातभर झालीत. पाहुणे आधी त्याच्यापाशीच थांबतात.

मैथिली०७: बर्ड्स नेस्ट घे गं, मला १५० ला मिळालं. फक्त मधल्या घरट्यात पाणी ओतू नकोस, कडेने घाल. माझ्या पहिल्याचा कोंब पावसाळ्यात सडला.

अभि_डोंबिवली: स्टॅगहॉर्नची बुडाशी चिकटलेली गोल पानं तपकिरी झाली की मेली समजून सोलू नका. मी सोलली. मुळं त्यांच्याच आड असतात. दीड महिन्यात झाड गेलं. अजून हळहळ वाटते.

सुहास_ठाणे: पानांवरची पांढरी लवही पुसू नका, ती धूळ नव्हे. पाणी धरून ठेवते.

नाना_सावंतवाडी: ही सगळी बांडगुळं. आमचा एक आंबा गेला त्यापायी.

मैथिली०७: नाना, बांडगूळ झाडाचा रस ओढतं. नेचं फांदीवर नुसतं बसतं.

नाना_सावंतवाडी: आंबा आमचा गेला, तुमचा नाही.

ऋतुजा_परळ: बाशिंगाचं नेचं घरात जगेल का? गुहागरला आमच्या फणसावर आहे.

सुहास_ठाणे: नको. उन्हाळ्यात हिरवी पानं झडतात, वाळकी तेवढी उरतात. स्टॅगहॉर्नच घ्या.

अभि_डोंबिवली: दिवाणखान्यात शोभत नाही बाशिंग.

वैशाली_मुलुंड: काहीही लावलंत तरी तांब्याची तार वापरू नका, नेच्यांना तांबं सोसत नाही. नायलॉनचा तंगूस घ्या. मुळांभोवती बांधायचं मॉस (शेवाळ) महाग, त्याऐवजी नारळाचं सोडण चालतं. आधी दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यात खार असतो. पाणी द्यायचं तर बादलीत १०-१५ मिनिटं बुडवायचं, निथळलं की टांगायचं. मेमध्ये दर तीन दिवसांनी. पावसाळ्यात सोडण सुकल्याशिवाय पाणी नाही.

सुहास_ठाणे: मीही बादलीतच बुडवतो.

ऋतुजा_परळ: बाशिंगच ठरलं. परवाच्या वाऱ्यात फणसाची फांदी मोडून पडली, त्यावरच आहे ते. बाबा फांदीसकट एसटीने पाठवताहेत, म्हणजे बांधायलाही नको. उन्हाळ्यात पानं झडतील ती झडू देत. लहानपणापासून बघतेय, पहिल्या पावसात पुन्हा फुटतात. वैशालीताई, हात-दीड हात फांदी आहे, बादलीत मावणार नाही. मोरीत आडवी ठेवून वरून पाणी सोडलं तर चालेल?