कमबॅकचा एवढा गाजावाजा कशासाठी? नेमारचं बघून पडलेला प्रश्न

नॉर्थस्टँड_नवीमुंबई:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. मोठा प्लेअर दुखापतीतून परत येणार म्हटलं की मीडिया एवढं का पेटतं? ब्राझीलच्या नेमारचंच घ्या. २०२३ ला आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये आपली मुंबई सिटी आणि नेमारचा सौदी क्लब अल हिलाल एकाच ग्रुपमध्ये आले तेव्हापासून नेमार भारतात येणार, नेमार भारतात येणार एवढंच चालू होतं, मी पण मॅचला जायचं ठरवून बसलो होतो, आणि १७ ऑक्टोबरला माँटेव्हिडिओत उरुग्वेविरुद्ध त्याचा डावा गुडघा गेला. लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा), मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) दोन्ही. ६ नोव्हेंबरला डी वाय पाटीलला तरी गेलोच. रियाधमध्ये ६-० खाऊन आलेली आपली पोरं पहिल्या हाफमध्ये ०-० राखून होती, शेवटी ०-२ हरली पण जीव तोडून खेळली. दुसऱ्या दिवशी वाचावं तर बहुतेक ठिकाणी कोण आला नाही याचंच रडगाणं.

मग वर्षभराने, २१ ऑक्टोबर २०२४ ला, यूएईच्या अल ऐनविरुद्ध तो परतला. ७७ व्या मिनिटाला उतरला. मॅच किती लागली होती माहितीये का? ५-४, हिलाल जिंकली! हिलालच्या अल-दौसरीची हॅटट्रिक, समोरून अल ऐनच्या रहीमीची हॅटट्रिक. पण फोटो कुणाचे तर वॉर्मअप करणाऱ्या नेमारचे. अल-दौसरी म्हणजे कोणी ऐरागैरा नाही, २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये सौदीने अर्जेंटिनाला हरवलं तो गोल त्याचा होता. मला मनापासून वाटतं की हे खेळावर पण अन्याय आहे आणि त्या परत येणाऱ्या प्लेअरवर पण. तुम्हाला काय वाटतं?

फिजिओताई_नाशिक:
मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, त्यामुळे त्या प्लेअरच्या बाजूने बोलते. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं, टाके सुकले, धावायला लागला की झालं. लिगामेंट शिवत नाहीत बऱ्याचदा, शरीरातलाच दुसरा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) घेऊन तिथे बसवतात, आणि तो आतून मुरायला महिनेच्या महिने लागतात. तोपर्यंत मांडीचा स्नायू इतका उतरतो की टेपने मोजलं तरी दोन पायांत फरक दिसतो. आम्ही एका पायावर उड्या मारायला लावतो, ऑपरेशनवाल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे, आणि ही फक्त एक टेस्ट झाली. हे सगळं पास झालं तरी तो मॅच खेळायला तयार झाला असं नसतं, थकल्यावर, धक्का लागल्यावर पाय कसा टेकतो हे ग्राउंडवरच कळतं.

ब्राझीलच्या टीम डॉक्टरांनी २०२३ च्या डिसेंबरमध्येच सांगून टाकलं होतं की २०२४ ची कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) नेमारला जमणार नाही, इतकं स्पष्ट. तरी दर महिन्याला "नेमार कधी?" चालूच. आणि परतल्यावर दोन आठवड्यांत, ४ नोव्हेंबरला, इराणच्या एस्तेघलालविरुद्ध सबस्टिट्यूट म्हणून आला आणि मॅच संपायच्या आत हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) धरून बाहेर. मोठ्या गॅपनंतर स्नायू असे दगा देतात, आम्हाला यात नवल वाटत नाही. पण हेडलाइन काय आल्या, तर करिअर संपलं. काल डोक्यावर घेतलं आणि आज आपटलं, हे बघून फार वाईट वाटतं.

पेठेतला_स्टॉपर:
ताई म्हणतात ते बरोबर हाय, पण सगळं खापर मीडियावर नका फोडू भावांनो. आमच्या कोल्हापुरात अर्धी गल्ली ब्राझील अर्धी अर्जेंटिना, इथं कोण चॅनल बघून वेडं झालेलं नाही. माणसाला आपला प्लेअर परत बघायचा असतोय. सँटोसवाल्यांचं बघा की, ब्राझीलमधला पेलेचा क्लब, २०२३ ला इतिहासात पहिल्यांदा खालच्या डिव्हिजनला गेला, परत वर आला आणि २०२५ च्या जानेवारीत ह्यो घरचा पोरगा नेमार १२ वर्षांनी परत. ते लोक नाचणार न्हाईत तर काय करणार! ५ फेब्रुवारीला, त्याच्या ३३ व्या वाढदिवसाला, पहिली मॅच खेळला.

मला खटकलं ते पुढचं. एप्रिलमध्ये त्या ग्राउंडवरची शंभरावी मॅच म्हणून त्याला १०० नंबरचा शर्ट घातला, एवढा सोहळा, आणि अर्ध्या तासाच्या आसपास मांडी धरून रडत बाहेर गेला गडी. सोहळ्याच्या दिवशी कुठला प्लेअर सांगणार की आज पाय जड वाटतोय? पण वर्षाच्या शेवटी टीम परत खाली जायची वेळ आली तवा दुखरा गुडघा घेऊन उतरला आणि जुवेंतुदेविरुद्ध हॅटट्रिक मारली. ते मात्र मी लई अभिमानानं सांगतो.

मडगावचा_विंगर:
दोन कमबॅक सांगतो जे मला जास्त भिडले. डेन्मार्कचा एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये मॅच चालू असताना कोसळला, त्याच्या जागी मथियस येन्सन आला. छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवल्यावर इटलीच्या नियमांमुळे तिथल्या इंटर क्लबकडून खेळता येईना. मग २६ फेब्रुवारी २०२२ ला इंग्लंडच्या ब्रेंटफर्डकडून उतरला, आणि कोणाच्या जागी, तर त्याच येन्सनच्या. कॅमेरे तिथेही होते, पण दोन्ही टीमचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्याच्याकडून कोणी गोल मागत नव्हतं.

दुसरा स्पेनचा काझोर्ला. जखमेत इन्फेक्शन होऊन टाचेच्या वरचा टेंडन काही सेंटिमीटर सडून गेला, हातावरची मुलीच्या नावाच्या टॅटूची कातडी काढून घोट्याला लावली. डॉक्टर म्हणाले होते मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी पुष्कळ. तो माणूस स्पेनच्या टीममध्ये परत आला, नंतर लहानपणीच्या ओव्हिएदो क्लबला गेला आणि चाळिशीत त्यांना २०२५ ला ला लीगात, म्हणजे स्पेनच्या वरच्या लीगमध्ये, घेऊन आला. नेमारच्या वॉर्मअपला जेवढी जागा मिळाली त्याच्या निम्मीसुद्धा याच्या त्या सगळ्या वर्षांना मिळाली नाही, आणि याचा मला खरंच राग येतो.

पेठेतला_स्टॉपर:
ताई, एक विचारू का? आमच्या टीमच्या स्ट्रायकरचं लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, सीझनला सातवा महिना भरंल. पोरांनी आत्ताच ग्रुपवर "किंग इज बॅक"चं पोस्टर टाकलंय. खेळवावं का?

फिजिओताई_नाशिक:
नाही दादा, सातव्या महिन्यात मॅच अजिबात नको. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा परत जायचं प्रमाण बरंच जास्त असतं. नऊ झाले तरी टेस्ट करून, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारून, आधी प्रॅक्टिस, मग शेवटची दहा मिनिटं. आणि ते पोस्टर आजच काढायला सांगा, ते बघून पोरगं स्वतःहून बूट चढवेल.