गरोदरपणात बीपी १४०/९०: लगेच गोळी की थोडं थांबावं?

कडीपत्ता
बहिणीला सव्विसावा आठवडा चालू आहे. परवा बीपी १४४/९२ निघालं, चार तासांनी पुन्हा मोजलं तरी तेवढंच. लॅबेटालॉल सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ १०० मिलिग्रॅम. तिच्या सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी पाय सुजले की मीठ बंद, संपला विषय." मीठ राहू दे, पण गोळीची घाई मलाही पटलेली नाही. दहा वर्षांपूर्वी माझं १४८/९६ होतं. बीपी फार खाली आणलं तर वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, १६० च्या आत आहे तोवर बघू, असं मला सांगितलं होतं. गोळीशिवाय ३८ आठवडे काढले, लेक २७०० ग्रॅमची झाली. एवढ्यात काय बदललं?

रानवारा
तुम्हाला सांगितलं ते त्या काळाला धरूनच होतं. (मी तालुक्याच्या गावी प्रसूती विभागात काम करतो.) भीती बाळाच्या वजनाचीच होती आणि तीच २०२२ च्या अमेरिकेतल्या चाचणीने बरीचशी घालवली. २४०० च्या वर बायका. निम्म्यांचं बीपी १४०/९० च्या खाली ठेवलं, बाकीच्यांना फार चढल्याशिवाय गोळी नाही. तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढून किडनी, लिव्हरसारख्या अवयवांनाही त्रास होतो तो आजार), ३५ आठवड्यांआधी करावी लागलेली प्रसूती, वार वेळेआधीच सुटणं, बाळ दगावणं, यांपैकी काहीतरी घडलं ते गोळीवाल्यांत शंभरात ३०, दुसऱ्यांत ३७. कमी वजनाची बाळं दोन्हीकडे जवळपास सारखीच.

बोरकूट
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या चाचणीतल्या बायकांना बीपीचा त्रास आधीपासूनचा होता, म्हणजे दिवस राहण्यापूर्वी किंवा २० आठवड्यांच्या आत दिसलेला. कडीपत्ताच्या बहिणीचं २६ व्या आठवड्यात पहिल्यांदा चढलंय. हा आजार वेगळा, त्याचं मूळ वारेत आहे. गोळीने आकडा उतरतो, आजार तिथेच राहतो.
माझ्या चुलत नणंदेचं असंच झालं. गोळीवर १३०/८४, सगळे खूश. "आता बरंय ना" म्हणून एक तपासणी चुकवली. दहा दिवसांनी रात्री पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं. अ‍ॅसिडिटी समजून जेल्युसिल पाजलं. सकाळी प्लेटलेट ६२ हजार, लिव्हरचे आकडे चढलेले, दुपारी सिझर. दोघं वाचले. पण तो १३०/८४ चा कागद मी विसरणार नाही.

रानवारा
गोळीने आजार थांबत नाही, हे कबूल. प्रसूती हाच त्यावरचा इलाज. पण गोळी आईच्या मेंदूसाठी असते. १६०/११० च्या वर गेलं की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तिथवर जायला कधी कधी एक रात्र पुरते. २०१५ च्या दुसऱ्या एका चाचणीत गरोदरपणातच बीपी चढलेल्याही होत्या. बीपी काटेकोर आटोक्यात ठेवलं तेव्हा इतकं चढणाऱ्या शंभरात २८ निघाल्या, ढिलं सोडलं तिथे ४१. बाळांत ठळक फरक नाही. नणंदेच्या बाबतीत चुकली ती तपासणी, गोळी नव्हे.
आणि आपल्याकडचंच सांगतो. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत फार चढलेल्या जवळपास ९०० बायकांना तोंडाने गोळ्या देऊन पाहिलं, २०१९ साली छापून आलं. सहा तासांत बीपी सुरक्षित टप्प्यात आणि काही अपाय नाही, असं निफेडिपिनवर शंभरात ८४ जणींचं झालं, लॅबेटालॉलवर ७७, जुन्या मिथाइलडोपावर ७६. शिरेतून द्यायची सोय नाही तिथे हे फार मोलाचं आहे.

ओटी_पोळपाट
तुम्ही १४० की १६० यावर भांडताय. आधी तो आकडा खरा आहे का ते बघा. मी उपकेंद्रात सिस्टर आहे. बाई एसटीतून उतरून उन्हात चालत येते, टेकत नाही तोच पट्टा बांधला की १५०. पाच-दहा मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवली, तोंड बंद, की १२८. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर उगाच जास्त दाखवतं ते वेगळंच.
दुसरं, बाळंतपणाला माहेरी जाण्याचं. फाईल सासरी, गोळ्या आठ दिवसांच्या. गेल्या पावसाळ्यात एक पोर आली, गोळ्या संपल्या म्हणून वडिलांची बीपीची गोळी घेत होती. पाकिटावर टेल्मिसार्टन! बाळाच्या किडनीला घातक, गर्भजल आटतं. तिला कोण सांगणार? तिच्या लेखी बीपीची गोळी ती बीपीची गोळी.

बोरकूट
हेच म्हणतेय मी. गोळीला विरोध नाही, गोळी देऊन "महिन्याने या" म्हणण्याला आहे. बाळंतपणानंतर तर कोणी पट्टाच बांधत नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं आणि तोवर डिस्चार्ज झालेला असतो.

रानवारा
यावर मात्र वाद नाही. आमच्याकडेही तिसऱ्या दिवशी घरी जाण्याची घाई असते. खाट रिकामी हवी असते, खोटं कशाला बोलू.

कडीपत्ता
गोळी चालू ठेवतोय. बाकी, पूर्ण पटलं असं नाही. आज डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते महिन्याने बोलावणार होते. नणंदेचा किस्सा सांगितला, तर आठवड्यावर आणलं आणि प्रत्येक वेळी लघवी, प्लेटलेट, लिव्हरची तपासणी लिहून दिली. बत्तिसाव्या आठवड्यात ती आमच्याकडे येणार, म्हणून फाईलचे फोटो काढून घेतलेत. बाबाही टेल्मिसार्टनच घेतात, त्यांचा डबा कपाटात वर ठेवलाय. सिस्टर, दंड २९ सेंटीमीटर आहे, मध्यम पट्टा चालेल ना?

ओटी_पोळपाट
चालेल. पट्ट्यावरच सेंटीमीटर छापलेले असतात, एकदा बघून घ्या. आणि मशीन पुढच्या वेळी दवाखान्यात न्या, त्यांच्या मशीनशी ताडून बघा.