व्हॅनमधला १२ व्होल्टचा फ्रीज रोज रात्री बंद पडतोय, मदत हवी आहे

रानवाट: परवा निघायचंय आणि फ्रीज काही केल्या रात्रभर चालत नाही. दिवसा उत्तम, रात्री दोन-तीनला बंद. बॅटरी नवीन, वायर नवीन, फ्यूज उडालेला नाही. फ्रीजच खराब असेल तर उद्याच परत करतो. कृपया लवकर सांगा.

तारजोड: कॉम्प्रेसरचा आहे की गॅस-वीज दोन्हीवर चालणारा? बॅटरी कोणती, किती अँपिअर-अवरची? वायर किती स्क्वेअरची (म्हणजे किती चौरस मिलिमीटर जाडीची), किती लांब? काहीच लिहिलं नाहीत हो.

उन्हाळी: छपरावर सोलर पॅनेल लावा. मी लावलं, तेव्हापासून फ्रीजकडे बघावं लागलेलं नाही.

तारजोड: रात्री दोनला पॅनेल काय करणार? आधी कारण तर कळू द्या.

रानवाट: कॉम्प्रेसरचा. मागची वेगळी १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी, इंजिनवर चार्ज होते. वायर दीड स्क्वेअर. मल्टिमीटरवर १२.६ दाखवतेय, म्हणजे बॅटरी चांगलीच आहे ना?

भटक्या७: लेड-ॲसिड काढून लिथियम घाला. व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकतं.

तारजोड: परवा निघणाऱ्या माणसाला नवी बॅटरी कशाला घ्यायला लावताय? रानवाट, १२.६ हे फ्रीज बंद असतानाचं असणार. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर आणि फ्रीजच्या प्लगपाशी, दोन्हीकडे मोजा. लांबीही सांगा.

मोकळी_हवा: फ्रीजच्या मागे हवा खेळायला जागा ठेवा. कोंडला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही.

रानवाट: हवेला जागा आहे. लांबी ६ मीटर. निगेटिव्ह तिथेच बॉडीला स्क्रूने दिलंय. फ्रीज लायटरच्या सॉकेटमध्ये लावतो. रात्री नऊला बॅटरीवर १२.४, प्लगपाशी ११.४. बंद पडल्यावर पॅनलवरचा दिवा एकदाच लुकलुकतो, हे सांगायचं राहिलं.

तारजोड: हेच सगळ्यांत आधी हवं होतं! मधल्या मध्ये १ व्होल्ट जातोय. दीड स्क्वेअरच्या ६ मीटरला, जाऊन-येऊन १२ मीटर धरले तरी ५ अँपिअरला ०.७. बाकीचा सॉकेट आणि रंगावर बसवलेला स्क्रू खातोय. आणि दिवा एकदाच लुकलुकणं म्हणजे बहुतेक बॅटरी संरक्षण: व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की फ्रीज स्वतःच बंद होतो. त्याची सेटिंग कशावर आहे?

रानवाट: ‘हाय’वर (High). पुस्तिकेत ११.१ ला बंद, १२.४ ला पुन्हा चालू असं दिलंय.

तारजोड: मग उलगडलं. रात्री बॅटरी १२.१ वर आली की फ्रीजला ११.१ च दिसतात आणि तो बंद होतो. भार गेल्यावर व्होल्टेज थोडं वर येतं, पण १२.४ होत नाही, म्हणून सकाळी इंजिन लावेपर्यंत तसाच. फ्रीज निर्दोष आहे, परत करू नका.

भटक्या७: एवढंच असेल तर सेटिंग लोवर टाका, एका मिनिटाचं काम.

तारजोड: नको! याच वायरवर लो केलंत तर फ्रीज बॅटरीला पार तळापर्यंत ओढेल. लेड-ॲसिड अशी दोन-चारदा रिकामी झाली की गेलीच समजा. ६ स्क्वेअरच्या दोन वायरी थेट बॅटरीपर्यंत न्या, निगेटिव्हसुद्धा. पॉझिटिव्हवर बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज. लायटरचं सॉकेट काढाच, गाडी हादरली की त्याचा कॉन्टॅक्ट सैल होतो.

उन्हाळी: तरी दिवसभर एकाच जागी मुक्काम असेल तेव्हा पॅनेल लागणारच.

तारजोड: ते मान्य. इंजिन लावलंच नाही तर दिवसाला ३०-४० अँपिअर-अवर कुठून तरी भरायला हवेत.

रानवाट: ६ स्क्वेअर ओढली, सॉकेट काढलं. बॅटरीवर १२.४ असताना फ्रीजपाशी १२.२. रात्रभर चालला, सकाळी हात लावला तर आत गारेगार. तारजोड, मनापासून आभार. त्या स्क्रूखाली गंज धरला होता, तिथूनच दिव्यांचंही निगेटिव्ह घेतलंय. तेही बदलू ना?

तारजोड: बदला, आणि निघायच्या आधीच.

नवखा_चालक: माझी गाडी २४ व्होल्टची आहे. मलाही ६ स्क्वेअरच लागेल का?